किवीच्या वेलीची परसबागेतील लागवड

किवी ही ॲक्टिनिडिएसी कुलातील, पानगळ होणारी, आधाराला वळसे घालत चढणारी काष्ठमय वेल आहे. तिचे मूळ चीनमध्ये आहे. हिरव्या गराची किवी ॲक्टिनिडिया डेलिसिओसा या प्रजातीची, तर पिवळ्या गराची ॲक्टिनिडिया चायनेन्सिस या प्रजातीची मानली जाते. काही वनस्पतिशास्त्रज्ञ पहिलीला दुसरीचाच एक प्रकार समजतात. न्यूझीलंड, इटली, कॅलिफोर्निया आणि भारतात हिमालयाच्या मध्यम उंचीच्या भागांत ही वेल व्यापारी बागांप्रमाणेच घराभोवतालच्या बागांतही लावली जाते.

परसबागेत किवीची वेल जगवणे फारसे अवघड नाही. तिला फळ आणणे अवघड आहे. हिरवीगार वाढलेली वेल वर्षानुवर्षे निष्फळ राहते, तेव्हा त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते: हिवाळ्यातील अपुरी थंडी, जोडीच्या नर वेलीचा अभाव किंवा चुकीची छाटणी. यांपैकी पहिली दोन कारणे रोप लावण्यापूर्वीच ठरून गेलेली असतात व नंतरच्या खतपाण्याने ती दूर होत नाहीत. म्हणून किवीच्या लागवडीत जागेची व रोपांची निवड हीच सर्वांत महत्त्वाची पायरी ठरते.

इतिहास

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यातील डोंगराळ भागात किवी जंगली अवस्थेत वाढते. तेथे तिला ‘मिहौताओ’ म्हणजे ‘माकडांचे पीच’ असे म्हणतात. वाँगानुई येथील मुलींच्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर यांनी १९०४ साली चीनमधील यिचांगहून तिच्या बिया न्यूझीलंडला आणल्या. ॲलेक्झांडर ॲलिसन यांच्याकडे त्या बियांपासून वाढलेल्या वेलींना १९१० साली फळे धरली. पुढील दोन-तीन दशके हे फळ न्यूझीलंडमध्ये मुख्यतः हौसेचे, घराच्या आवारात लावायचे फळ होते आणि त्याला ‘चायनीज गूजबेरी’ म्हणत. त्याची निर्यात १९५० च्या दशकात वाढू लागली. १९५९ साली निर्यातदारांनी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय पक्ष्यावरून त्याला ‘किवीफ्रूट’ हे नाव दिले.

त्याच काळात ब्रिटन व अमेरिकेतही चीनहून किवीच्या बिया व रोपे पोहोचली होती. परंतु तेथे वाढवलेल्या सुरुवातीच्या वेली नर निघाल्या आणि फळ काही मिळाले नाही. न्यूझीलंडमधील मूळ वेलींत मात्र नर व मादी दोन्ही होत्या. तेथील पुढच्या साऱ्या उद्योगाचा उगम एक नर व दोन मादी एवढ्याच वेलींत शोधला जातो. ऑकलंडचे रोपवाटिकाकार हेवर्ड राइट यांनी १९२० च्या दशकात निवडलेला ‘हेवर्ड’ हा वाण याच वंशातील असून, जगातील प्रत्येक हेवर्ड वेल ही फाटे वा कलमे यांच्या साखळीने त्याच एका मादी वेलीपाशी जाऊन पोहोचते.

भारतात किवी प्रथम बेंगळुरूच्या लालबाग उद्यानात लावली गेली. तेथे ती वाढली, पण पुरेशा थंडीअभावी फळली नाही. १९६३ साली शिमल्याजवळ फागली येथील केंद्रावर तिचे वाण लावण्यात आले व १९६९ साली तेथे फळे आली. त्यानंतर हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, सिक्कीम, मेघालय, नागालँड व अरुणाचल प्रदेश या राज्यांत लागवड पसरली. आज देशात अरुणाचल प्रदेश किवीच्या उत्पादनात आघाडीवर असून तेथील झिरो खोरे या फळासाठी प्रसिद्ध आहे. हिमाचलमध्ये सोलनजवळील नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या व वनविद्या विद्यापीठात या पिकावर संशोधन होते.

हवामान

किवीच्या डोळ्यांना (कळ्यांच्या अंकुरांना) हिवाळ्यात विश्रांती लागते आणि ती विश्रांती मोडण्यासाठी ठरावीक काळ थंडी मिळावी लागते. सुमारे ७° से. पेक्षा कमी तापमानाच्या तासांची बेरीज करून ही गरज मोजतात. तिला शीततास म्हणतात. हेवर्ड वाणाला साधारण ७०० ते ८०० शीततास लागतात. ब्रूनो, ॲबट, ॲलिसन या वाणांची गरज त्याहून कमी आहे. थंडी कमी पडली तर वसंतात थोडेच डोळे फुटतात, फुटलेल्यांपैकी बरेच केवळ पाने देतात आणि फुले तुरळक येतात. वेल मेलेली नसते, उलट पानांनी भरलेली असते. त्यामुळे दोष खतात किंवा पाण्यात शोधला जातो.

भारतात समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० ते १,८०० मीटर उंचीचा हिमालयाचा पट्टा या वेलीला मानवतो. त्याहून वर दुसरा धोका उभा राहतो. विश्रांत अवस्थेतील वेल शून्याखाली काही अंश तापमान सोसते, पण वसंतात फुटलेली कोवळी पालवी हलक्या हिमतुषारानेही करपते व त्या वर्षीचे पीक जाते. थंड हवा जड असल्याने उताराच्या तळाशी साचते. म्हणून खोलगट जागेपेक्षा उतारावरील जागा बरी. उन्हाळ्यात तापमान ३५° से. च्या वर गेले आणि हवा कोरडी असली की पानांच्या कडा भाजतात. जोराच्या वाऱ्यात कोवळे फुटवे बुडापासून निखळतात, फळे एकमेकांवर घासून डागाळतात. घराची भिंत किंवा दाट कुंपण वाऱ्याच्या बाजूला असेल तर परसबागेला व्यापारी बागेपेक्षाही चांगला आडोसा मिळतो.

महाराष्ट्रातील स्थिती

किवीची रोपे महाराष्ट्रातील रोपवाटिकांत व ऑनलाइन विक्रीतही दिसतात, त्यामुळे येथील हवामानाचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात; निफाड परिसरात तापमान काही रात्री बरेच उतरते. परंतु ही थंडी पहाटेच्या मोजक्या तासांची असते आणि दुपारी ऊन तापताच तिचा परिणाम बराचसा पुसला जातो. शीततासांची बेरीज शेकड्यांत जाण्यासाठी थंडीचे आठवडेच्या आठवडे सलग लागतात, आणि तसा हिवाळा सह्याद्रीच्या माथ्यावरही नसतो.

द्राक्षाचे उदाहरण देऊन येथे शंका घेतली जाते. द्राक्षही मुळात समशीतोष्ण प्रदेशातील वेल असून नाशिक-सांगलीत ती वर्षातून दोन छाटण्या घेऊन आणि डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावून यशस्वीपणे पिकवली जाते. न्यूझीलंडमध्ये हेच रसायन किवीवरही वापरले जाते. मात्र ते तेथील थोड्या उण्या पडलेल्या थंडीची भरपाई करते, नसलेल्या हिवाळ्याची नाही. शिवाय ते विषारी आहे व परसबागेत वापरण्याजोगे नाही. कॅलिफोर्नियात ‘व्हिन्सेंट’ ही मादी व ‘तेवी’ हा नर अशी कमी थंडीत फुलणारी जोडी विकसित झाली आहे, तथापि दख्खनच्या एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या उष्णतेचा प्रश्न तिच्यापुढेही राहतोच. महाराष्ट्रात किवी लावावी ती मोठ्या, लवदार पानांची शोभेची वेल म्हणून. फळाची अपेक्षा धरून लावणे सध्या तरी व्यर्थ आहे.

नर आणि मादी वेली

किवीत नर फुले व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. दोन्ही फुले पांढरी, पुढे पिवळसर होणारी व दिसायला सारखीच असतात, आणि मादी फुलातही पुंकेसर असतात. मात्र त्यांतील पराग निर्जीव असतात. फुलाच्या मध्यभागी पांढऱ्या कुक्षिवृंतांचा चक्राकार झुबका स्पष्ट दिसला तर ते फूल मादी होय. नर फुलात हा झुबका नसतो. फूल येईपर्यंत पानाखोडावरून लिंग ओळखता येत नाही.

खाल्लेल्या किवीच्या बियांपासून रोप करण्याचा मोह येथेच महागात पडतो. बी रुजते सहज, पण रोपाला पहिले फूल येण्यास पाच-सात वर्षे किंवा अधिक लागतात. तोवर ते नर आहे की मादी हे कळत नाही, आणि मादी निघाले तरी फळ मूळ वाणासारखे असेलच असे नाही. बियांची रोपे खुंट म्हणून उपयोगी आहेत. फळासाठी मात्र नावानिशी ओळखलेल्या वाणाचे कलम किंवा फाट्यापासून केलेले रोप घ्यावे.

बागांत साधारण आठ-नऊ मादी वेलींमागे एक नर वेल ठेवतात. घरी एक नर व एक वा दोन माद्या पुरतात. दोघांचा फुलोरा एकाच वेळी येणे आवश्यक आहे. हेवर्ड उशिरा फुलते, म्हणून तिच्याबरोबर ‘टोमुरी’ हा उशिरा फुलणारा नर लावतात. लवकर फुलणाऱ्या ॲबट किंवा ॲलिसनबरोबर लवकर फुलणारा नर हवा. दोन वेलींना जागा नसेल तर मादी वेलीच्या एका फांदीवर नराचे कलम बांधता येते. या फांदीवर ठळक खूण ठेवावी लागते, कारण हिवाळ्यात निष्पर्ण वेलीवर ती वेगळी ओळखू येत नाही आणि छाटणीत नेमकी तीच कापली जाते. ‘जेनी’सारखे स्वपरागित वाणही मिळतात. त्यांची फळे लहान असतात. तरीही अगदी अडचणीच्या जागेत तो पर्याय वाईट नाही.

जमीन, मांडव आणि लागवड

जमीन भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध व उत्तम निचऱ्याची असावी. किंचित आम्ल जमीन, म्हणजे साधारण ५.५ ते ६.८ सामू, वेलीला मानवते. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात. किवीची मुळे मांसल असून पाणी साचलेले सहन करत नाहीत. काही दिवस पाणी तुंबले तरी फायटॉफ्थोरामुळे मूळकूज होऊन वाढलेली वेलही अचानक कोमेजते. जड जमिनीत खड्ड्याऐवजी उंच वाफ्यावर लागवड करणे यामुळेच श्रेयस्कर.

मांडव रोपाआधी उभा असावा. पूर्ण वाढलेली वेल ५० किलो वा अधिक फळे धरू शकते. त्यात पानांचे, फांद्यांचे व पावसाच्या पाण्याचे वजन मिळवले म्हणजे काकडी-दोडक्याचा बांबूचा मांडव तिच्यापुढे टिकणार नाही हे उघड आहे. लोखंडी नळ्या, सिमेंटचे खांब किंवा टिकाऊ लाकूड वापरून सुमारे १.८ ते २ मीटर उंचीचा मंडप अथवा ‘टी’ आकाराचे खांब उभारतात व त्यांवर जाड तारा ताणतात. एका वेलीला ४ ते ६ मीटर लांबी लागते. उन्हाळ्यात दाट सावली व हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांतून ऊन असा लाभ मिळत असल्याने घरासमोरील मंडपासाठी ही वेल सोयीची आहे.

लागवड वेल विश्रांत असताना, भारतात साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, करतात. खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळावे, पण कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्यावा. कोवळ्या मुळांना ताज्या खताचा व रासायनिक खताच्या जादा मात्रेचा दाह होतो. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात नियमित पाणी व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन अत्यावश्यक आहे. मोठ्या पानांमुळे वेलीतून पाणी झपाट्याने उडते. हिमालयाच्या पायथ्याकडील भागात पावसाळ्यापूर्वीचे मे-जून हे दोन महिने तिच्या कसोटीचे असतात, कारण तेव्हाच फळही वाढत असते.

एक अनपेक्षित उपद्रव मांजरांचा आहे. ॲक्टिनिडिया वंशातील वनस्पतींच्या वासाने मांजरे आकृष्ट होतात, रोपाला अंग घासतात, पाने चावतात व मुळे उकरतात. जपानमध्ये याच वंशातील ‘मातातबी’ ही वनस्पती मांजरांना मुद्दाम दिली जाते. लहान रोपाभोवती तारेची जाळी लावल्यास हा प्रश्न सुटतो.

वळण आणि छाटणी

पहिल्या वर्षी सर्वांत जोमदार असा एकच फुटवा ठेवून तो खांबाला सैल बांधत सरळ वर नेतात. त्याला खांबाभोवती वेटोळे घेऊ देऊ नये. पुढे खोड जाड झाल्यावर ते वेटोळे स्वतःलाच आवळते. शेंडा तारेच्या उंचीला आला की तो खुडून दोन्ही बाजूंना तारेवरून दोन कायमचे ओलांडे तयार करतात. या ओलांड्यांवर काटकोनात, साधारण ३० ते ५० सेंटिमीटर अंतराने काड्या वाढू देतात.

फळ कोठे येते हे समजले म्हणजे छाटणीची भीती उरत नाही. फुले चालू वर्षाच्या नव्या फुटीच्या बुडाजवळच्या काही पेरांवर येतात, आणि अशी फलदायी फूट मुख्यतः गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवरूनच निघते. जुन्या खोडातून थेट आलेले जोमदार पाणकोंब बहुधा त्या वर्षी फुलत नाहीत. म्हणून हिवाळी छाटणीत फळ देऊन झालेली जुनी काडी काढून तिच्या जागी ओलांड्याजवळ निघालेली, गेल्या उन्हाळ्यात सूर्यप्रकाशात पक्व झालेली काडी घ्यायची असते. गेल्या हंगामातील बहुतांश वाढ यात कापली जाते. नवख्या माळ्याला ते क्रूर वाटते व तो हात आखडता घेतो. परिणामी दोन-तीन वर्षांत मांडवावर फांद्यांचे जाळे साचते, आतल्या काड्यांना ऊन मिळत नाही आणि फळ केवळ कडांना येते.

ही छाटणी जानेवारीच्या सुमारास, रस चढण्यापूर्वी संपवावी. उशीर झाल्यास कापलेल्या टोकांतून रस दीर्घकाळ ठिबकत राहतो. उन्हाळ्यात एकमेकांत गुंतणारे शेंडे व पाणकोंब काढून प्रकाश खाली झिरपू देतात. मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत, एवढी खूण पुरेशी आहे. नर वेलीची छाटणी निराळी असते. हिवाळ्यात तिला फारसा हात लावत नाहीत, फुलोरा संपताच मात्र ती जोरात छाटतात. त्यामुळे जागा मोकळी होते व पुढील वर्षाच्या फुलांसाठी नव्या काड्या तयार होतात.

परागीभवन आणि विरळणी

हिमाचलमध्ये किवी एप्रिलअखेर ते मे महिन्यात फुलते. फुलांत मकरंद नसल्याने मधमाश्या केवळ परागासाठी येतात, आणि आसपास दुसरा बहर असेल तर पाठ फिरवतात. फळाचा आकार बियांच्या संख्येवर अवलंबून असतो. चांगल्या मोठ्या फळात हजारभर बिया असतात, म्हणजे तेवढ्या बीजांडांपर्यंत पराग पोहोचलेले असतात. लहान, वाकडी किंवा एका अंगाने चपटी फळे ही बहुधा अपुऱ्या परागीभवनाची खूण असते, खताच्या कमतरतेची नव्हे.

एक-दोन वेलींसाठी हाताने परागीभवन करणे सहज शक्य आहे. कोरड्या सकाळी नुकतेच उमललेले, पराग सुटू लागलेले नर फूल तोडून ते मादी फुलातील कुक्षिवृंतांच्या झुबक्यावर हलके फिरवावे. एक नर फूल चार-पाच मादी फुलांना पुरते. मादी फूल उमलल्यापासून साधारण आठवडाभर परागग्राही असते, तथापि पाकळ्या पांढऱ्या असतानाच काम उरकणे चांगले.

बहर यशस्वी झाला तर किवी आपणहून फारशी फळे गाळत नाही. सगळीच बारीक राहतात. म्हणून फळधारणेनंतर लवकरच जोडफळे, चपटी फळे व एका घोसातील बाजूची लहान फळे खुडून टाकतात.

कीड व रोग

परसबागेत किवीला फवारणीची गरज क्वचितच पडते. मूळकुजीखेरीज सूत्रकृमी व खवले कीड यांचा त्रास होऊ शकतो. सर्वांत गंभीर रोग म्हणजे ‘पीएसए’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा जिवाणूजन्य खैरा (स्यूडोमोनास सिरिंजी ॲक्टिनिडी). २०१० साली न्यूझीलंडमध्ये तो आढळल्यानंतर पिवळ्या गराच्या त्या वेळच्या मुख्य वाणाच्या बागा मोठ्या प्रमाणावर काढून टाकाव्या लागल्या. तो कापलेल्या जखमांतून व छाटणीच्या अवजारांवरून पसरतो. परदेशातून फाटे किंवा पराग खासगीरीत्या आणणे यासाठीच टाळावे. हिमाचलात माकडांमुळे फळबागा सोडाव्या लागलेल्या काही शेतकऱ्यांनी किवी निवडली, कारण कडक, आंबट व लवदार कच्च्या फळाकडे माकडे फारशी वळत नाहीत असा त्यांचा अनुभव आहे. ‘माकडांचे पीच’ या चिनी नावाशी हे विसंगत असले तरी परसबागेच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

काढणी आणि उपयोग

कलमी वेलीला तीन ते पाच वर्षांत पहिली फळे येतात व सात-दहा वर्षांत ती पूर्ण बहरास येते. भारतात काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, न्यूझीलंडमध्ये एप्रिल ते जूनच्या दरम्यान होते. फळाचा रंग पक्वतेनंतरही बदलत नाही आणि ते वेलीवर मऊ होण्याची वाट पाहायची नसते. एक फळ कापून पाहावे: बिया पूर्ण काळ्या झाल्या असतील, तर फळे कडक असतानाच काढता येतात. बागायतदार रसातील विद्राव्य घटकांचे प्रमाण मोजतात; ते साधारण ६.२ टक्क्यांवर गेल्याखेरीज काढणी करत नाहीत. फार लवकर तोडलेले फळ मऊ होते, पण गोड होत नाही.

कडक फळे शीतकपाटात कित्येक आठवडे टिकतात. हवी तेवढी बाहेर काढून सफरचंद किंवा केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवल्यास त्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती काही दिवसांत पिकतात. याच कारणाने साठवणीच्या किवीजवळ सफरचंदे ठेवू नयेत.

हिरव्या किवीच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असते. डेंग्यूच्या साथीत महाराष्ट्रातील शहरांत या फळाला मागणी वाढते. ते खाल्ल्याने रक्तातील बिंबिका वाढतात हा समज मात्र पुरेशा वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेला नाही. काही व्यक्तींना किवीची ॲलर्जी असते. कच्च्या गरातील ॲक्टिनिडिन हे विकर प्रथिनांचे विघटन करते. त्यामुळे किवी घातलेले शिकरण किंवा दह्यातील कोशिंबीर थोड्या वेळाने कडवट होते आणि जिलेटिनची जेली घट्ट बसत नाही. गर उकळल्यावर हे विकर निष्क्रिय होते, म्हणून मुरांबा व जॅम यांना ही अडचण येत नाही.